फ्रेंडशिप शिखराच्या वाटेवरील ओढे केव्हा ओलांडावेत?

जूनमध्ये चिपळूणहून मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५,२८९ मीटर) जाणाऱ्या आपल्या गटाने ओढे पहाटे किंवा सकाळी लवकरच ओलांडावेत. दुपार ते संध्याकाळ ही वेळ टाळावी. आपल्याकडे वाशिष्ठीचे पाणी पावसाने चढते, तिथले ओढे मात्र निरभ्र आकाशाखालीही बर्फ वितळून फुगतात, आणि तेही दुपारनंतर, कारण उन्हाने वितळलेले पाणी बर्फाच्या थरांतून झिरपत खाली पोहोचायला काही तास लागतात. रात्री वितळणे मंदावते, पाणी ओसरते आणि बर्फाचा वरचा थर कडक होतो. शिखरचढाई मध्यरात्रीनंतर सुरू करण्याचे कारणही हेच असून पर्वतारोहणाच्या प्राथमिक प्रशिक्षणात ही शिस्त आवर्जून शिकवली जाते. उतरताना बूट घोट्याच्या वर रुतू लागला, तर तीव्र उतारावरून ओला हिमलोट सुटण्याचा धोका वाढला आहे असे समजून तो उतार तत्काळ सोडावा. मात्र रात्रभर दाट ढग असतील, तर बर्फातील उष्णता बाहेर पडत नाही, थर नीट गोठत नाही, आणि त्यात पाऊस झाला असेल, तर पहाटेचा ओढाही भरलेलाच मिळतो. अशा दिवशी कृपया तळावरच थांबावे.