वाचकांचे प्रश्न : पाया घालण्याआधीचे चर

प्रश्न : इंग्लंडमधील यॉर्क येथे मुलीकडे गेलो असता, जुन्या तटबंदीच्या आतील एका मोकळ्या जागेवर दोन अरुंद चर खणलेले दिसले. तीन-चार जण गुडघे टेकून गवंड्याच्या थापीने माती खरवडत होते. इमारतीच्या परवानगीसाठी ही तपासणी लागते, असे कळले. काही सापडले तर बांधकाम रद्द होते का? खर्च कोण करतो? – एक वाचक, पुणे

उत्तर : बांधकाम सहसा रद्द होत नाही, बदलतो तो बहुधा पाया. असे चर वस्तू मिळवण्यासाठी खणतात असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु किती खोलीवर काय आहे हे कळावे आणि त्यातले शक्य तितके जागच्या जागी राहू द्यावे, हा त्यांचा खरा हेतू असतो.

यॉर्कमध्ये इ. स. 71च्या सुमारास रोमन सैन्याने किल्ला उभारला आणि 866मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकले. अशा वस्त्यांचे थर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड आहेत. त्यातच ऊझ आणि फॉस या नद्यांलगतची जमीन सदैव ओली असल्याने खालच्या थरांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, आणि एरवी काही वर्षांत कुजून जाणारे लाकूड, चामडे, कापड, फळांच्या बिया हे सारे तिथे टिकून राहते. कॉपरगेट या रस्त्यावर नवे बाजारसंकुल बांधण्यापूर्वी 1976 ते 1981 या काळात उत्खनन झाले, तेव्हा दहाव्या शतकातील घरांच्या लाकडी भिंती उभ्या सापडल्या. एका सुईने विणलेला, पायात घालता येईल असा लोकरी मोजाही मिळाला. या रस्त्याच्या नावाचा अर्थच पेले करणाऱ्यांचा रस्ता असा आहे, आणि तेथील कातारी लोकांनी लाकूड कातून टाकून दिलेले तुकडेही त्याच मातीत पडून होते.

हे सारे ओलाव्यावर टिकून असल्याने केवळ खणल्यानेच नव्हे, तर पंपाने पाणी उपसल्यानेही त्याचा नाश होऊ शकतो. म्हणूनच जागेखालील थरांपैकी 5 टक्क्यांहून अधिक भाग बांधकामाने नष्ट होऊ नये, अशी भूमिका यॉर्कने 1990च्या दशकात स्वीकारली. चरांचा अहवाल हाती आला की वास्तुरचनाकार खांबांच्या जागा सरकवतो किंवा तळघर वगळतो. ते शक्यच नसेल तेव्हा रीतसर उत्खनन होते. 1990पासून इंग्लंडमध्ये हा खर्च साधारणतः बांधकाम करणाऱ्याकडेच असतो. मला हे न्याय्य वाटते, कारण पाया अर्धा खणून झाल्यावर काम अडण्यापेक्षा आधीचे दोन चर त्यालाही स्वस्त पडतात.

आपल्याकडे केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून पुढील 200 मीटरांत परवानगी लागते. म्हणजे आपला कायदा स्मारकापासूनचे अंतर मोजतो. यॉर्कमध्ये जमिनीची खोली तपासली जाते, आणि जुन्या पेठांच्या आपल्या शहरांनाही त्याची तितकीच गरज आहे.

आपण पाहिलेले चर एव्हाना नोंदी घेऊन बुजवले गेले असतील. बुजवण्यापूर्वी तळाशी बहुधा विशिष्ट कापड अंथरतात, म्हणजे पुढे कधी तिथे खणणाऱ्याला आधीचे खोदकाम कुठवर झाले होते ते लगेच दिसते.