बिअरचा रस्सा कडू का होतो?

प्रश्न : अर्धा किलो चिकनच्या रश्श्यात पाण्याऐवजी अख्खी बिअर घालून तासभर आटवली. रस्सा कडूजहर झाला. चुकलं कुठे?

उत्तर : आटवण्यात. बिअरचा कडूपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा. पाणी उडतं, तो मागेच राहतो. रस्सा निम्मा झाला की कडूपणा जवळपास दुप्पट. आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सची कडू बिअर, तर रश्श्यात नकोच. साधी लागर (नेहमीची फिकट बिअर) किंवा गव्हाची बिअर घ्या, तीही २०० मिली, सोबत तेवढंच पाणी. कांदा चांगला बदामी होऊ द्या, त्याचा गोडवा कडूपणा झाकतो. बिअर ओतून तळाला चिकटलेलं खरवडून घ्या, मग झाकण ठेवून मंद आचेवर ३५-४० मिनिटं. तरीही कडवट लागला तर चमचाभर गूळ. मीठ शेवटी.

प्रश्न : बिअरचं भज्यांचं पीठ मऊ पडतं.

उत्तर : भिजवून ठेवत असाल, त्यात बुडबुडे निघून जातात. १०० ग्रॅम मैद्याला १५० मिली थंडगार बिअर, तेल तापल्यावरच मिसळा. चार फेरे ढवळा. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. तेल १८० अंश.

प्रश्न : शिजल्यावर अल्कोहोल उडतं ना?

उत्तर : सगळं नाही. तासभर शिजवूनही सुमारे २५ टक्के उरतं. मुलांना, गरोदर बाईला वाढू नका.