पोलिसांची सलामी: तुमचे प्रश्न, कवायत मास्तरांची उत्तरं

(या वेळी उत्तरं देणारे गृहस्थ नाशिकच्या पोलीस मुख्यालयातून राखीव पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कवायत शिकवली आणि शोक सलामीचे गार्ड तयार केले.)

प्रश्न: माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई होता. महामार्गावर अपघाताचा पंचनामा चालू असताना मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. अमरधाममध्ये पोलिसांनी बंदुका उलट्या धरून माना खाली घातल्या, मग हवेत बार काढले. पेपरात ‘21 बंदुकांची सलामी’ छापून आलं, पण माझा मुलगा म्हणतो आवाज तीनच झाले. भावाला मान कमी मिळाला का? बंदुका उलट्या का धरतात? — एक बहीण, सिडको

उत्तर: ताई, मुलाने बरोबर मोजलं. आवाज तीनच व्हायचे असतात. 21 ची सलामी तोफांची, ती राष्ट्रपतींना आणि प्रजासत्ताक दिनाला. पोलिसाच्या अंत्यविधीला बंदुकांच्या तीन फैरी, मग तो शिपाई असो की महासंचालक. पेपरवाल्यांना 21 चा आकडा आवडतो, त्याला इलाज नाही.

तीन फैरींची चाल युरोपातल्या लढायांमधून आली असं आम्हाला शिकवलं जायचं. मेलेल्यांना उचलायला दोन्हीकडचे थांबायचे, काम आटोपलं की तीन बार काढून कळवायचे. इंग्रजांबरोबर ती इकडे आली आणि राहिली. एका फैरीत दहा जण असले तरी आवाज एकच यायला हवा. तडतड झाली की समजा, तालीम कच्ची. फैरींच्या मध्ये तुम्हाला खट्खट् ऐकू आलं असेल. तो बिघाड नसतो. या काडतुसात बार असतो, गोळी नसते. त्यामुळे एसएलआर, म्हणजे एरवी आपोआप भरली जाणारी रायफल, पुढचा राउंड आपणहून घेत नाही, जवानाला दर वेळी हाताने हँडल ओढावं लागतं. गोळी नसली तरी जवळून इजा होते, म्हणून पोरांना गार्डच्या पुढ्यात जाऊ देऊ नये. रिकाम्या पुंगळ्या मोजून शस्त्रागारात जमा कराव्या लागतात. लोकांना वाटतं विधी संपल्यावरही पोलीस गवतात काय शोधतायत. तेच शोधत असतात.

आता उलट्या बंदुकीचं. आधी ‘सलामी शस्त्र’ होतं, त्यात बंदूक उभी, छातीसमोर. मग ‘शोक शस्त्र’. बंदूक हळूहळू फिरवायची, नळीचं तोंड डाव्या बुटावर टेकवायचं, दोन्ही तळवे दस्त्यावर, मान खाली. हत्यार ज्या रीतीने धरलं आहे त्या रीतीने ते चालवताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या कवायतीत सगळं झटक्यात, टाच आपटून करायचं असतं. ही एकच हालचाल सावकाश करायची, आणि नव्या पोरांना नेमकी तीच जमत नाही. मी मुख्यालयाच्या मैदानावर त्यांच्याकडून आकडे मोजून घ्यायचो, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

मान खाली असताना बिगुलवर लास्ट पोस्ट वाजतो. ब्रिटिश पलटणीत दिवस संपल्याची, पहारे तपासून झाल्याची ती खूण. नंतर थोडा वेळ शांतता, मग ‘राऊज’, म्हणजे सकाळची उठवणी. तिच्यानंतर माना वर येतात. बिगुलरचं काम सगळ्यात अवघड असतं. घरच्यांचा हंबरडा कानावर येत असताना फुंक स्थिर ठेवायची. बंदूकवाल्याचा हात थरथरला तर लपतो, बिगुलरचा श्वास लपत नाही.

तिरंग्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण तिथे घोळ फार होतात. शासकीय इतमामात तिरंगा पार्थिवावर घालतात, केशरी पट्टा डोक्याकडे. ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेत जाता कामा नये, कबरीत उतरता कामा नये. अग्नी द्यायच्या आधी तो काढायचा. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, अशा की अशोकचक्र वर दिसेल. ती घडी दोन्ही तळहातांवर नेऊन पत्नीच्या किंवा आईच्या हातात द्यायची. इथेच फोटोवाले मध्ये घुसतात. एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला मी दंडाला धरून बाजूला केलं होतं. त्याबद्दल नंतर ऐकून घ्यावं लागलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

प्रश्न: वडील हवालदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी आजारपणात गेले. सलामी राहू द्या, त्यांच्या जुन्या पोलीस ठाण्यातून एक माणूसही आला नाही. आईच्या मनाला हे फार लागलं आहे. — एक मुलगा, जेल रोड

उत्तर: भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा. शासकीय इतमाम द्यायचा की नाही हे राज्य सरकार ठरवतं. गार्ड पाठवायचा हुकूम घटकप्रमुखाचा. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला अधीक्षक, म्हणजे आपल्याकडे आडगावचं मुख्यालय. माझ्या नोकरीत बंदुकांचा गार्ड निघाला तो बहुतेक वेळा कर्तव्यावर गेलेल्यांसाठी. आजारपणात गेलेल्या निवृत्त हवालदारासाठी तो क्वचितच निघायचा, त्यात तुमच्या वडिलांवर खास अन्याय झाला असं मला दिसत नाही.

कुणीच आलं नाही, हे मात्र खटकणारं आहे. माझा अंदाज असा की ठाण्याला कळलंच नसावं. निवृत्तीनंतर पेन्शन कोषागारामार्फत बँकेत येते, ठाण्याचा संबंध सुटतो. बदल्या होत राहतात. दहा वर्षांनी त्या ठाण्यात तुमच्या वडिलांबरोबर रात्रपाळी केलेला एकही माणूस नसतो, आणि नव्या साहेबाला नाव माहीत असायचं काही कारण नाही. म्हणून ज्यांच्या घरी निवृत्त पोलीस आहेत त्यांना माझं सांगणं आहे: बॅचच्या दोन-तीन मित्रांचे नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. निरोप त्यांच्याकडून फिरतो, कागदावरून नाही. कर्तव्यावर असलेला माणूस गेला आणि दवाखान्यातून तुम्हालाच आधी कळलं, तर अंत्यविधीची वेळ नातेवाइकांना कळवण्याआधी ठाण्याला कळवा. गार्डला शस्त्रागारातून हत्यारं काढायची असतात, बिगुलर शोधायचा असतो, गाडी लागते. ‘तासाभरात नेतोय’ म्हटलं की सगळ्यांची धांदल उडते.

आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम अजून केलं नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वडिलांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घेऊन आधी बँकेत जा. रुसवा नंतर. आणि वडिलांच्या बॅचचं कुणी सापडलं तर एकदा घरी चहाला बोलवा. चार जुने हवालदार एकत्र बसले की आईंना नवऱ्याच्या अशा गोष्टी कळतील ज्या त्यांनी घरी कधीच सांगितल्या नसतील.

प्रश्न: अमेरिकेतल्या एका पोलिसाच्या अंत्यविधीचा व्हिडिओ पाहिला. वायरलेसवर त्याला नाव घेऊन हाक मारतात, उत्तर येत नाही, मग ड्युटी संपल्याचं जाहीर करतात. अंगावर काटा आला. आपल्याकडे असं का नाही? — कॉलेज विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर: तिकडे त्याला शेवटचा कॉल म्हणतात. बॅजवर काळी पट्टी, बॅगपाइप हेही त्यांचंच. न्यूयॉर्क, बोस्टनच्या पोलिसांत आयरिश लोक खूप होते, त्यांच्यामुळे ते बॅगपाइप आले. चांगलं आहे, पण आपण उचलावं असं मला वाटत नाही. आपल्या वायरलेसवर एवढी गडबड असते की त्या हाकेच्या मध्येच कुणीतरी गस्तीच्या गाडीला ‘पंचवटी मोबाइल, लोकेशन सांगा’ म्हणेल.

आपल्याकडे नावं घेतात, पण 21 ऑक्टोबरला. 1959 साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जपाशी चिनी सैन्याने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकडीवर हल्ला केला. दहा जवान गेले. मृतदेह चीनने 13 नोव्हेंबरला परत दिले आणि पोलिसी इतमामात तिथेच, त्या थंडीत, त्यांना अग्नी दिला गेला. तेव्हापासून तो दिवस पोलीस स्मृतिदिन. आदल्या 1 सप्टेंबरपासून 31 ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचतात, राज्यवार. 2019 च्या 1 मे रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याला सुरुंगस्फोटात आपले 15 पोलीस गेले, त्या वर्षीची महाराष्ट्राची यादी ऐकताना पुढच्या रांगेतल्या बायका कशा बसल्या होत्या ते मी पाहिलं आहे.

यादी लांब असते, उन्हात उभं राहून पाय भरून येतात, आडनावांचे उच्चार चुकतात. मणिपूरची, नागालँडची नावं तर हमखास. मी वाचणाऱ्याला आदल्या संध्याकाळी बसवून ती घोटून घ्यायचो. कुणाच्या तरी मुलाचं नाव आहे, ते नीट यायला पाहिजे. तुला ऐकायचं असेल तर त्या सकाळी जा. मुख्यालयात आधी वेळ आणि प्रवेशाचं विचारून घे.