तडा डिसेंबरात दिसला, मेसेज मे महिन्यात?

लातूरच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या एका सायकलपटूकडून सप्टेंबरमध्ये ८५,००० रुपयांना जुनी कार्बन फायबर फ्रेमची रोड बाइक, म्हणजे वेगाने चालवायची सायकल, घेतली. पैसे यूपीआयने दिले, सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. डिसेंबरमध्ये शिमानो टियाग्रा काढून त्याच कंपनीचा वरचा १०५ ग्रुपसेट (गियर, ब्रेक, क्रँक यांचा संच) बसवायला दिली. मेकॅनिकने जुना बॉटम ब्रॅकेट (पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग) उपसला, तर फ्रेमला खालून जुना पॅच, त्यावर वेगळ्या छटेचा रंग आणि पॅचच्या कडेने तडा. फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पार्ट आणलेच आहेत तर बसवून टाका." फेब्रुवारीत नवी चाकंही घातली. विक्रेत्याला पहिला मेसेज मे महिन्यात. त्याचं उत्तर, "सेकंडहँड माल आहे, परत नाही." आता तुम्हाला सायकल परत करून सगळे पैसे हवे आहेत, आणि जमलं तर "४२०"ची केस.

जुना कॅमेरा, जुना ट्रॅक्टर, जुना लॅपटॉप यांबद्दल नांदेड, परभणी, बीडहून अशीच पत्रं येतात. माल वेगळा, उशीर तोच.

पैसे परत मिळण्याचा मार्ग तुम्ही स्वतः बंद केलात. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ नुसार माल हातात आल्यावर विक्रेत्याची मालकी मानून चालणारा माणूस करणार नाही असं काही तुम्ही केलंत, किंवा वाजवी वेळ उलटूनही "मला हा माल नको" असं कळवलं नाहीत, तर माल तुम्ही स्वीकारला असं धरतात. आणि एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे माल नाकारण्याचा हक्क जातो, उरते ती नुकसानभरपाई. वाजवी वेळ म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मी तुमच्या बाजूने मांडेन. बॉटम ब्रॅकेट काढल्याशिवाय ती जागा नीट दिसत नाही आणि घरी कुणी तो काढून बघत नाही. पण मेकॅनिकचा फोन आला त्या दिवसानंतरचं मला काही मांडता येत नाही. तडा माहीत असताना तुम्ही ग्रुपसेट बसवलात, दोन महिन्यांनी चाकं घातलीत. परत द्यायच्या सायकलवर कुणी एवढा खर्च करत नाही, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच विचारेल.

तुम्ही लिहिता, तुरीची काढणी होती, त्यात वाद नको वाटला. काढणी मला कळते, पण शेताच्या बांधावर उभं राहून दोन ओळींचा मेसेज टाकता आला असता: "फ्रेमला तडा आणि जुना पॅच निघाला आहे, मला ही सायकल मान्य नाही, परत न्यावी." एवढ्याने कलम ४२ तुमच्या बाजूला राहिलं असतं. ग्राहक आयोगाची दोन वर्षं आणि दिवाणी दाव्याची तीन वर्षं ही मुदत बघून लोक निर्धास्त होतात. ती मुदत तक्रार किंवा दावा दाखल करण्याची. माल नाकारण्याची वेळ त्याच्या खूप आधी संपते.

तरीही तुमची बाजू संपलेली नाही, कारण पैसे पाठवण्याआधीचा एक मेसेज तुमच्याकडे आहे. तुम्ही विचारलंत, "क्रॅश वगैरे काही?" त्याने उत्तर दिलं, "एकदाही पडलेली नाही भाऊ, फ्रेम ओरिजिनल, कुठं रिपेअर नाही." तुमचं सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे.

असं का, ते सांगतो. खाजगी माणसाने स्वतःची वापरलेली वस्तू विकली, तर ती चांगल्या दर्जाची असेल अशी न लिहिलेली हमी कलम १६ खाली सहसा मिळत नाही. ती हमी त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून मिळते. तो काहीच बोलला नसता तर मी तुम्हाला खर्चात न पडण्याचा सल्ला दिला असता. पण तो बोलला, तेही थेट विचारल्यावर, आणि त्यावर विसंबून तुम्ही पैसे टाकलेत. ही उघड दिलेली हमी झाली. ती मोडली म्हणून कलम ५९ खाली भरपाई मागताना त्याला पॅच माहीत होता की नव्हता, हे सिद्ध करावं लागत नाही. तो म्हणेल, "मीही दुसऱ्याकडूनच घेतलेली." म्हणू दे. फसवणुकीच्या मुद्द्यावर गेलात तर मात्र त्याला माहीत होतं हे दाखवावं लागेल, आणि तडा कळल्यावरही तुम्ही सायकल ठेवलीत हा प्रश्न पुन्हा आडवा येईल. करार कायद्याची फसवणुकीबद्दलची कलमं १७ आणि १९ नोटिशीत पर्यायी म्हणून घाला, भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

"परत नाही" ही अट त्याने पैसे मिळण्याआधी कळवली होती की नंतर, हे चॅटमधल्या वेळा लावून तपासा. नंतर कळवली असेल तर ती कराराचा भाग नाही. आधी असली तरी ती परत घेण्यापुरती आहे, भरपाईला आडवी येत नाही असं माझं मत आहे.

तो आणखी दोन गोष्टी म्हणेल. नवा प्रेसफिट बॉटम ब्रॅकेट ठोकताना मेकॅनिकनेच फ्रेम फोडली, किंवा डिकीत आपटून तडा गेला. माल वाहतुकीकडे दिला की साधारणपणे तो खरेदीदाराला पोचला असं कलम ३९ मानतं, त्यामुळे डिकीचा मुद्दा हलका नाही. दोन्हींना उत्तर एकच आहे, तो पॅच. कार्बनचं कापड रेझिनने चिकटवून, घासून, वर रंग मारलेली दुरुस्ती बसच्या डिकीत होत नाही आणि ब्रॅकेट दाबतानाही होत नाही. नुसता तडा असता तर वाद कुठेही गेला असता. म्हणून त्या जागेला हात लावू नका. "लातुरातच पाच-सात हजारांत रिपेअर होईल" असं तुम्ही लिहिलंय. तो रिपेअर झाला की पुरावा पुसला. मेकॅनिककडून तारीख, फ्रेम नंबर आणि जुना ब्रॅकेट निघाल्यावर काय दिसलं हे लेखी घ्या. त्याच्या फोनमधले त्या दिवशीचे फोटो मूळ स्वरूपात जपायला सांगा.

आणि ती सायकल चालवणं आज बंद करा. रविवारी औसा-तुळजापूर रस्त्याला "हळूहळू" जातो असं तुम्ही सहज लिहून टाकलंय. तडा गेलेलं कार्बन स्टीलसारखं आधी वाकून इशारा देईलच असं नाही, भाराखाली एकदम तुटू शकतं. ब्रॅकेटपाशी तर पायाचा सगळा जोर येतो. खटल्याचं नुकसान त्यापुढे काहीच नाही, पण तेही आहेच. चालवत राहिलात तर तडा वाढेल आणि वाढलेला तडा तुमच्याच नावावर लागेल.

कुठे जायचं, याचं उत्तर मी छातीठोकपणे देत नाही. विक्रेता वर्षातून चार-पाच सायकली ग्रुपवर विकतो असं तुम्ही म्हणता. नफ्यासाठी सातत्याने विकत असेल तर तो व्यापारी ठरू शकतो, आणि मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे लातूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याच्या विक्रीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तो डिलीट करायच्या आत काढा. तो हौशी निघाला तर तक्रार अडेल आणि दिवाणी कोर्ट गाठावं लागेल. कायदा म्हणतो तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते आयोगाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा. साध्या ग्राहकाला एका सायकलसाठी वर्ष-दोन वर्षं हेलपाटे मारायला लावणं हा अन्याय आहे, आणि मला त्याची चीड येते. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करून बघा. तिथे तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही. विक्रेता यायला हवा, एवढीच अडचण.

"४२०" आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवणारं तुमच्या हातात आज काही नाही. ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" असं सांगून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त.

नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, शिवाय व्हॉट्सॲप आणि ई-मेलवर पाठवा. त्यात सायकल परत घ्या असं लिहू नका. बिनदुरुस्तीची तीच सायकल आणि पॅच मारलेली, तडा गेलेली सायकल यांच्या किमतीतला फरक मागा, सोबत ब्रॅकेट आणि बसवणीचा खर्च. ग्रुपसेट आणि चाकांचे पैसे मागाल तर दाव्याचं वजन घटेल. ते दुसऱ्या फ्रेमवर चढतात, आणि जे वाचवता येतं त्याची भरपाई कोर्ट देत नाही. चॅट डिलीट करू नका, गायब होणारे मेसेज बंद करा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय चॅटच्या स्क्रीनशॉटची किंमत शून्य धरा. मूळ खरेदीचं बिलही नोटिशीतच मागून घ्या. सायकलला आरटीओचं पुस्तक नसतं. फ्रेम नंबर चोरीच्या सायकलचा निघाला तर मालकीचाच प्रश्न उभा राहील.

शेवटी तुम्ही विचारलंय, नाहीतर रंग मारून तशीच पुढे विकून टाकू का. नाही. तुम्हाला तडा माहीत आहे. रंगाखाली तो झाकलात तर करार कायद्याच्या कलम १७ मधली लपवाछपवी तुमच्याकडून होईल, आणि ती सिद्ध करायला तुमचं हे पत्रच पुरेल. विकायचीच असेल तर ग्रुपसेट आणि चाकं काढून वेगळी विका. फ्रेम प्रकरण मिटेपर्यंत घरात ठेवा.