'हेलिपॅड'मधला 'हेली' म्हणजे सूर्य नव्हे

प्रश्न असा आहे: "माझ्या मुलीला शाळेतून इंग्रजी शब्दांच्या घटकांचा एक तक्ता मिळाला आहे. त्यात मूळ शब्द, उपसर्ग आणि प्रत्यय अर्थासह दिले आहेत. 'हेली' या घटकासमोर 'सूर्य' असा अर्थ आहे. तिने विचारले, की मग हेलिकॉप्टर आणि हेलिपॅड यांचा सूर्याशी संबंध काय, आणि 'कॉप्टर' म्हणजे काय? मला उत्तर देता आले नाही."

मुलीला नेमकी जेथे यायला हवी तेथेच शंका आली आहे. हेलिकॉप्टरचा सूर्याशी काहीही संबंध नाही आणि 'कॉप्टर' असा घटक या शब्दात मुळात नव्हताच. हेलिकॉप्टर हा शब्द 'हेली' आणि 'कॉप्टर' असा फोडायचाच नसून 'हेलिको' आणि 'प्टर' असा फोडायचा आहे.

गुस्ताव्ह द पोंतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने 1861 मध्ये हा शब्द घडवला आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. त्याने त्यासाठी दोन ग्रीक शब्द घेतले. पहिला 'हेलिक्स', म्हणजे वळसे घेत जाणारी वस्तू. मराठीत यासाठी 'मळसूत्र' हा नेमका शब्द आहे. दुसरा 'प्टेरॉन', म्हणजे पंख. 'हेलिक्स' या रूपाच्या शेवटी जो 'क्स' ऐकू येतो, त्यातला 'क्' मूळ शब्दाचा आणि 'स्' प्रथमा विभक्तीचा आहे. समासात तो 'स्' गळतो, दोन पदे जोडण्यासाठी मध्ये 'ओ' हा स्वर येतो आणि 'हेलिक्-ओ-प्टर' असा शब्द तयार होतो. हाच सांधणारा 'ओ' थर्मामीटर आणि बायॉलॉजी या शब्दांच्याही पोटात आहे. तेव्हा काटेकोरपणे पाहिले तर हेलिकॉप्टरमध्ये उपसर्गही नाही आणि प्रत्ययही नाही. तो सामासिक शब्द आहे आणि त्याचा विग्रह आपल्या पद्धतीने सहज करता येतो: मळसूत्री आहेत पंख ज्याचे ते, म्हणजे बहुव्रीही. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञसुद्धा अशा समासाला 'बहुव्रीही' हेच संस्कृत नाव वापरतात.

'प्टर' हा घटक प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा असतो. माश्या आणि डास यांच्या गणाला 'डिप्टेरा' म्हणतात, म्हणजे दोन पंखांचे. फुलपाखरांच्या गणाला 'लेपिडोप्टेरा', म्हणजे खवल्यांच्या पंखांचे. वटवाघळांच्या गणाला 'कायरोप्टेरा', म्हणजे ज्यांचा हातच पंख झाला आहे असे. हे 'प्टेरॉन' ज्या धातूपासून आले तो धातू संस्कृतातही आहे. 'पत्' म्हणजे उडणे किंवा पडणे. त्यावरून पतंग, आणि त्यावरूनच 'पत्र'. 'पत्र' याचा जुना अर्थ पंख किंवा पीस असा होता, त्यावरून झाडाचे पान आणि पुढे लिहिलेले पान, असा तो सरकत गेला. 'पितृ' आणि 'फादर' किंवा 'पाद' आणि 'फूट' यांत जसा 'प'चा 'फ' झालेला दिसतो, तसाच 'पत्र' आणि 'फेदर' यांतही झाला आहे. लॅटिनमध्ये याच धातूपासून पिसाला 'पेन्ना' म्हणत, आणि पिसाचे टोक तासून लिहीत असल्यामुळे तेच आपले 'पेन'. मुलीला हे अवश्य सांगावे. हेलिकॉप्टरचे पाते, पेन आणि पत्र एकाच कुळातील आहेत हे एकदा कळले की शब्दाचे घटक पाठ करावे लागत नाहीत.

आता मुख्य प्रश्न असा, की 'हेलिको-प्टर' याचे 'हेली-कॉप्टर' झाले कसे? शब्द सावकाश उच्चारून प्रत्येक अक्षरावर एक टाळी वाजवून पाहावी: हे-लि-कॉप्-टर. 'प' आणि 'ट' हे दोन्ही ध्वनी मूळ घटकाच्या आरंभी एकत्र होते, पण टाळ्या वाजवताना 'प' मागच्या अक्षरात जातो आणि 'ट' पुढच्या. इंग्रजीत अक्षराची सुरुवात 'प्ट' अशी होऊ शकत नाही. म्हणूनच 'टेरोडॅक्टिल' या उडणाऱ्या सरीसृपाच्या नावात आरंभीचा 'प' लिहितात, पण उच्चारत नाहीत. जिभेला जेथे थांबता येत नाही, तेथे शब्द तुटला आहे असे कानालाही वाटत नाही. त्यामुळे सामान्य इंग्रजी बोलणाऱ्याने हा शब्द दोन-दोन अक्षरांत विभागला आणि त्याला 'हेली' व 'कॉप्टर' असे दोन तुकडे मिळाले.

मिळालेले तुकडे नुसते पडून राहिले नाहीत, ही या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. 'हेली' घेऊन हेलिपॅड आणि हेलिपोर्ट हे शब्द झाले. 'कॉप्टर' घेऊन जायरोकॉप्टर आणि क्वाडकॉप्टर झाले. चार फिरत्या पंख्यांच्या छोट्या ड्रोनला आज सर्रास क्वाडकॉप्टर म्हटले जाते. हेलिपॅडमधील 'हेली'चा अर्थ सूर्य नाही आणि मळसूत्रही नाही. त्याचा अर्थ 'हेलिकॉप्टरचे' एवढाच आहे. हॅम्बर्ग या शहराच्या नावावरून झालेल्या 'हॅम्बर्गर'चेही असेच झाले. 'हॅम' म्हणजे डुकराचे मांस असा एक वेगळा इंग्रजी शब्द असल्यामुळे 'बर्गर' सुटा झाला आणि आपल्याकडे वड्याच्या शेजारी 'व्हेज बर्गर' विकला जाऊ लागला. 'बस'ची कथा तर मला सर्वांत विलक्षण वाटते. 'ऑम्निबस' हे लॅटिन रूप. त्यात 'ऑम्नि' म्हणजे सर्व आणि 'बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, संस्कृतातील 'सर्वेभ्यः' मधल्या 'भ्यः'चा नातेवाईक. 'सर्वांसाठी' असलेल्या गाडीतला 'सर्व' गळून पडला आणि केवळ विभक्तिप्रत्यय रस्त्यावरून धावू लागला. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी पहिली एस.टी. धावली, तिलाही आपण त्या प्रत्ययाच्याच नावाने ओळखतो.

याला इंग्रजीचा ढिसाळपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते मला मान्य नाही. संस्कृतासारख्या व्याकरणाने बांधलेल्या भाषेतही हेच घडले आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही 'असुर' म्हटले आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील 'अहुर' हा त्याचाच भाऊ. त्यातील आरंभीचा 'अ' नकारार्थी नव्हता. पुढे तो तसा मानला गेला, आणि उरलेल्या भागातून 'सुर' म्हणजे देव हा नवा शब्द जन्माला आला. 'विधवा' हा शब्दही मुळात एकसंध आहे. लॅटिनमधील 'विदुआ' आणि इंग्रजीतील 'विडो' त्याचेच आप्त. त्यात 'वि' हा उपसर्ग आहे असे मानून 'धव' म्हणजे पती हा शब्द काढला गेला, आणि त्यावरून 'सधवा' झाला. आज 'सुर' किंवा 'सधवा' हे शब्द चुकीचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. त्याच न्यायाने हेलिपॅडही पूर्णपणे शुद्ध आहे.

तक्त्यातील चूक मात्र चूकच आहे. सूर्यवाचक ग्रीक शब्द 'हेलिओस', आणि समासात त्याचे रूप 'हेलिओ' असे होते. संस्कृतातील 'सूर्य' आणि हा शब्द एकाच मुळाचे आहेत. 'सप्त' आणि 'हेप्टा' यांत दिसते त्याप्रमाणे शब्दारंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो. 'हेलियम' हे नाव या सूर्यावरून पडले, कारण पृथ्वीवर सापडण्याआधी त्याची खूण सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात दिसली होती. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण त्या शोधाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, आणि विजयदुर्ग किल्ल्यावर गेलेल्यांना 'साहेबाचे कट्टे' हे चौथरे दाखवताना त्या ग्रहणाची आठवण सांगितली जाते. याउलट पोटात व्रण करणाऱ्या 'हेलिकोबॅक्टर' या जिवाणूच्या नावात मळसूत्राचा 'हेलिको' अभंग राहिला आहे, कारण तो जिवाणू आकाराने पिळदार असतो.

म्हणून तक्त्यातील त्या एका ओळीच्या जागी मुलीने वहीत तीन ओळी लिहाव्यात: 'हेलिओ' म्हणजे सूर्य, उदाहरण हेलियम, 'हेलिको' म्हणजे मळसूत्र, उदाहरणे हेलिकोबॅक्टर आणि हेलिकॉप्टर, आणि 'हेली' म्हणजे हेलिकॉप्टरसंबंधी, उदाहरण हेलिपॅड. पहिले दोन घटक ग्रीकांनी दिलेले आहेत, तर तिसरा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाने घडवला आहे.