वाचकांचे प्रश्न : कार्ब्युरेटरची मारुती, दिल्लीची डिझेल गाडी आणि घरातले दोन पक्ष

प्रश्न : सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील कापूस-सोयाबीन पिकविणारा शेतकरी असून घरात पहिलीच चारचाकी घेत आहे. तालुक्याचे गाव २२ किलोमीटरवर आहे आणि महिन्यातून एकदा आईला उपचारासाठी नागपूरला न्यावे लागते. पाहण्यात तीन गाड्या आहेत : १९९७ची कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाची) मारुती ८००, दिल्लीहून आलेली २०१४ची कॉमन रेल डिझेल गाडी आणि यवतमाळ पासिंगची २०१३ची एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी) पेट्रोल गाडी. जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले माझे मेहुणे म्हणतात की मारुती कोणताही मिस्त्री रस्त्यावर उभी दुरुस्त करतो. मुलगा म्हणतो की ते तंत्रज्ञान कालबाह्य झाले. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपले मेहुणे म्हणतात ते खोटे नाही. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलेल्या मारुती ८००चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आपल्याकडील मिस्त्रींच्या हाताखालून इतक्या वेळा गेले आहे की त्याचे दुखणे त्यांना आवाजावरून कळते. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र असलेला भाग, कचऱ्याने बुजला तर तो काढून फुंकर मारून बसविता येतो. त्यासाठी संगणक लागत नाही. मी स्वतः अशाच गाडीवर शिकलो, त्यामुळे तिच्याविषयी मला मनापासून जिव्हाळा आहे. तरीही कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण आपला उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की या गाडीत इंजिनाला लागूनच बसविलेला पेट्रोल पंप तापतो, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. डोक्याचा दुपट्टा ओला करून पंपावर गुंडाळायचा आणि झाडाखाली थांबायचे, हा उपाय मी अनेकदा केला आहे. परंतु सोबत आजारी आई असताना तो करण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. दुसरे कारण आजचे पेट्रोल आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि पंपाचा पडदा खराब करते, हवेतील ओलावा शोषते आणि स्वतःमध्ये प्राणवायू असल्यामुळे हवा-इंधनाचे मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. कार्ब्युरेटरला यातले काहीही कळत नाही. त्याचा जेट ठरल्या मापानेच पेट्रोल सोडत राहतो. एमपीएफआय गाडीतील ऑक्सिजन सेन्सर मात्र धुराड्यातील वायू तपासून इंधनाचे प्रमाण काही मर्यादेपर्यंत सुधारून घेतो. २०१३ची गाडीही अशा पेट्रोलसाठी खास बनविलेली नाही, म्हणून तिच्या इंधननळ्या घेतानाच तपासून घ्याव्यात.

याशिवाय १९९७च्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील मोटारीसाठी केंद्राने हे शुल्क १० हजार रुपये केले आहे; पर्यावरण कर वेगळा.

दिल्लीच्या डिझेल गाडीबाबत मी अधिक सावध राहण्यास सांगेन. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. तो नियम विदर्भाला लागू नाही, हे खरे. परंतु ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील नवी नोंदणी आणि येथील कर हे सारे आपल्याच माथी येते, आणि हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी आटते. कॉमन रेल इंजिनात डिझेल प्रचंड दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठविलेले डिझेल एकदा जरी त्यात पडले, तरी त्यातील पाणी आणि धूळ इंजेक्टर निकामी करू शकतात. जुन्या जीपच्या यांत्रिक पंपाचे काम करणारा माणूस तालुक्याला सापडतो, या इंजेक्टरचे काम करणारा क्वचितच.

म्हणून तिघींपैकी २०१३ची पेट्रोल गाडी घ्यावी. मुलाचे म्हणणे मात्र मी एका बाबतीत त्याच्याही पुढे नेईन. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक २०१९च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्या तिन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत. कापसाचे पुढचे चुकारे हाती येईपर्यंत थांबणे शक्य असेल, तर २०१९च्या जुलैनंतरची लहान पेट्रोल गाडी पाहावी, कारण नागपूरच्या महामार्गावर ट्रकमागे अचानक ब्रेक दाबावा लागतो तेव्हा मिस्त्रीचे कौशल्य उपयोगी पडत नाही.

थांबणे शक्य नसेल, तर गाडी भल्या पहाटे, इंजिन थंड असताना पाहावी. सुरू करताच निळसर धूर आला तर तेल जळते आहे, असे समजावे. पायाखालचे मॅटिंग उचलून गंज पाहावा. मीटरवर किलोमीटर कमी असूनही क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. टायरवरील चार आकडी खूण वाचावी : १४१८ म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करून मालकी बदलाच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्याव्यात. आणि पाहायला जाताना मेहुण्यांना अवश्य सोबत न्यावे. इंजिनाचा आवाज ओळखणारा त्यांचा कान येथे फार कामाचा आहे.