वाचक विचारतात: नकाशात लाल दिसलं म्हणजे बाग तहानलीय का?

प्रश्न: निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्ष आहे, डॉगरिज खुंटावर, नऊ बाय पाच फुटांवर, ऑक्टोबर छाटणी. मोबाइलवर सॅटेलाइटचा नकाशा येतो त्यात पश्चिमेच्या कडेला लाल-पिवळा पट्टा दिसतोय. तिकडच्या व्हॉल्व्हचा टाइम रोज अर्धा तास वाढवला, दोन आठवडे झाले, पट्टा जागचा हलत नाही. अजून पाणी वाढवू का? आणि किती लिटर द्यायचं ते सॅटेलाइट डायरेक्ट सांगतं का?

उत्तर: दादा, आधी तो वाढवलेला अर्धा तास कमी करा, मग पुढचं वाचा. असे फुकटचे नकाशे बहुतेक सेंटिनेल-२ ह्या सॅटेलाइटचे असतात, त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास आपला एक गुंठाच की. तुमच्या अडीच एकरात असे शंभर ठिपके, आणि एका ठिपक्यात चोवीसेक वेली, मधली मोकळी जमीन, बोदावरचं गवत, सगळं एकत्र घुसळलेलं. कडेचा ठिपका असेल तर त्यात बांध आणि गाडीरस्ता पण आला, त्यामुळे अगदी कडेचे लाल ठिपके मी तर मोजतच नाही.

दुसरं म्हणजे तो नकाशा पाणी मोजत नाही, हिरवेपणा मोजतो. द्राक्षाची वेल मोठी चिवट असते, ताण पडला की आधी पानांची छिद्रं मिटून घेते, पान तापतं, पण हिरवं ते हिरवंच राहतं, म्हणजे नकाशात लाल उमटेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि तुम्ही शेंडा मारून बसलात तर नवीन पानं येणार कुठून, मग पाणी दिलं काय नि नाही दिलं काय, दोन आठवड्यात पट्टा हिरवा होणारच नाही.

माझ्या बागेतही असाच पट्टा दिसला होता, मी पण आधी पाणीच वाढवलं (शहाणपण नंतर सुचतं!). मग एक दिवस लिटरची बाटली घेऊन गेलो. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरनं १५ मिनिटांत बाटली भरायला पाहिजे. लाइनीच्या सुरुवातीला भरली, शेवटच्या वेलीपाशी जेमतेम ६०० मिली. लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर लावलेल्या नळीचं, टोक उघडलं तर विटकरी रंगाचा चिकट गाळ भसाभसा बाहेर. म्हणजे पाणी कमी सोडलं नव्हतं, ते तिथवर पोचतच नव्हतं. जास्त वेळ मोटर चालवून सुरुवातीच्या वेली मात्र चिखलात उभ्या केल्या होत्या. ड्रिपर ठीक निघाले तर त्या पट्ट्यात आणि हिरव्या भागात एकेक फूटभर खड्डा घ्या, एकीकडे मुरूम आणि दुसरीकडे काळी निघाली तर पाणी वाढवायचं नाही, मुरमाला थोडं थोडं पण रोज द्यायचं.

आता लिटरचं. तापमान मोजणारे सॅटेलाइट आहेत, लँडसॅट ८ आणि ९, दोन्ही मिळून दर ८ दिवसांनी फेरी. कॅलिफोर्नियात लोदायजवळच्या द्राक्षबागांत २०१३ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याचे लोक यावरच काम करतायत, बागेतून रोज किती मिलिमीटर पाणी उडून जातं ते काढायचं, आणि २०२१ पासून तिकडच्या पश्चिमेच्या राज्यांत असे आकडे ओपनईटी नावाच्या वेबसाइटवर शेतवार फुकट बघता येतात. पण लँडसॅटचा तापमानाचा ठिपका मुळात १०० मीटरचा, म्हणजे अडीच एकर, म्हणजे दादा तुमचा अख्खा प्लॉट एका ठिपक्यात! तिकडे बागाच मोठाल्या, त्यांना चालतं. आपल्याला थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन लागेल, तो चार-पाच जणांनी मिळून आणला तरच परवडेल असं माझं मत.

तोवर जवळच्या हवामान केंद्राचं बाष्पीभवन बघा. एकरभर १ मिलिमीटर म्हणजे साधारण ४००० लिटर, पण ते सगळं द्यायचं नसतं, अवस्थेप्रमाणे त्यातला काही हिस्साच. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं पाण्याचं वेळापत्रक ह्याच हिशोबावर आहे, त्यात तुमच्या बागेची अवस्था बघून घ्या.

आणि पुढच्या पत्रात पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरची १५ मिनिटांची मापं लिहून पाठवा, नकाशाचा फोटो नको.